चाळीस पोरं आणि एक किल्ली

फाइल बघितली. छान आहे. कव्हर आहे, अनुक्रमणिका आहे, पानोपानी शिक्के आहेत. जुलैचा ‘नमुना ब’ आहे, त्यावर परवानाधारक एजन्सीची सही आहे. आता एक सांग, ती सही करणारा माणूस वरच्या मजल्यावर गेला होता का? की तुझ्या ऑफिसात पंख्याखाली बसून चहा पिऊन गेला? बोल ना. खाली काय बघतोस?

मी गेले वरती. तिन्ही अग्निशामक सिलिंडर बघून आले. एक चपलांच्या रॅकमागे आहे. दुसऱ्यावर कुणीतरी ओला टॉवेल वाळत घातलाय. तिसऱ्यावर स्टिकर कोरा करकरीत, पण दाबाचा काटा लाल पट्ट्यात. म्हणजे पुन्हा भरल्याचा कागद आहे, आत दाब नाही. रात्रपाळीच्या मावशींना विचारलं, हे चालवता येतं का हो? त्या म्हणाल्या, “त्याला हात लावायचा नाही असं सरांनी सांगितलंय.” हे सर कोण? तूच ना?

कायदा तुला माहीत नाही असं म्हणू नकोस. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम 2006 चा आहे, 2008 च्या डिसेंबरपासून लागू आहे. दर जानेवारीत आणि दर जुलैत यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र द्यायचं, हे तुला तोंडपाठ आहे. तो कायदा जबाबदारी कुणावर टाकतो हेही तू वाचलंयस. मालकावर आणि इमारत वापरणाऱ्यावर. एजन्सीवाला उद्या दुकानाची पाटी बदलेल. तू कुठे जाशील?

आता कुलपाकडे येऊ. तुझी वाचा तिथेच बसली होती.

वरच्या मजल्यावर चाळीस पोरं झोपतात. जिन्याच्या तोंडाशी लोखंडी जाळीचं सरकतं दार, त्याला रात्री नऊला कुलूप. किल्ली तळमजल्यावर, वॉचमनच्या खिशात. वॉचमन फाटकाशी. खिडक्यांना गज, गजांना आतून जाळी. मागचा जिना आहे, पण त्यात जुन्या गाद्या, मोडक्या व्हीलचेअर आणि गणपतीची मखरं. म्हणजे वरून खाली यायला वाट किती? एक. आणि तिची किल्ली आगीच्या दुसऱ्या बाजूला.

“बाई, मुलं पळून जातात.” जातात. मला माहीत आहे. स्वमग्न मूल रात्री उठून रस्त्यावर जाईल, ही भीती खोटी नाही. पण त्यावर उपाय कुलूप, हे तुला कुणी शिकवलं? मी तर नाही. दार उघडलं की घंटी वाजेल अशी सोय करता येते. धोक्याची घंटा वाजली किंवा वीज गेली की आपोआप सुटणारं चुंबकी कुलूप मिळतं. तेही नको असेल तर एक माणूस रात्रभर मजल्यावर जागा ठेव आणि किल्ली त्याच्या कमरेला बांध. राष्ट्रीय इमारत संहिता, 2016 ची, तिचा चौथा भाग आगीवरच आहे. बाहेर पडायचं दार आतल्या माणसाला किल्लीशिवाय उघडता आलं पाहिजे, असं तिथे स्वच्छ लिहिलंय. कुलूप मुलांच्या सुरक्षेसाठी नाही लावलेलंस. रात्री एक माणूस कमी लागावा म्हणून लावलंयस. निदान माझ्याशी तरी खरं बोल.

एरवाडी आठवतं? वर्गात शिकवलं होतं. तमिळनाडूत, रामनाथपुरम जिल्ह्यात. 6 ऑगस्ट 2001, पहाटेची वेळ. मनोरुग्णांना ठेवण्याच्या एका आश्रयगृहात आग लागली आणि 28 जण गेले. गवताची शेड होती आणि माणसांना साखळ्यांनी बांधलेलं होतं. लोक ओरडत होते, पण पळता येत नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, देशभर चर्चा झाली. तू तेव्हा तावातावाने म्हणाला होतास, माणसाला साखळी लावणारे राक्षस आहेत. बरोबर बोललास. मग तुझ्या जाळीच्या दाराला काय म्हणू? साखळी एकेकाला बांधते, तुझं कुलूप चाळिसांना एकदम.

“आमच्याकडे कुठे गवताचं छप्पर आहे, आरसीसी इमारत आहे.” हो का? भंडाऱ्याचं जिल्हा रुग्णालय गवताचं होतं? 9 जानेवारी 2021 च्या रात्री तिथल्या नवजात कक्षात दहा बाळं गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला, अकरा रुग्ण गेले. सिमेंटच्याच इमारती होत्या त्या. दोन्हीकडे आत कोण होतं ते बघ. ज्यांना स्वतःच्या पायाने उठून जाता येत नाही अशी माणसं. तुझ्या वरच्या मजल्यावर दुसरं कोण आहे?

आणि सिमेंट जळत नाही म्हणून माणूस वाचतो, हे कुठलं गणित? माणूस ज्वाळेच्या आधी धुराने मरतो. कोलकात्यात 2011 च्या डिसेंबरात एका नामांकित रुग्णालयाच्या तळघरात भरलेलं सामान पेटलं. धूर मजल्यामजल्यावर चढला आणि नव्वदच्या आसपास माणसं गेली, बहुतेक गुदमरून. तुझ्या गाद्या फोमच्या आहेत, वर रेक्झिनचं कव्हर. फोम पेटला की कार्बन मोनॉक्साइडबरोबर सायनाइडचा वायू निघतो. आणि त्याच गाद्यांची थप्पी तू जिन्यात रचलीस! शिवाय जिन्याखाली इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या. तिथल्या विजेच्या बोर्डावर मोबाइलचे चार्जर तर द्राक्षांच्या घडासारखे लटकलेत. ठिणगी कुठे पडेल ते शोधायला तज्ज्ञ कशाला हवा?

तू आळशी आहेस असं मी म्हटलं असतं तर सोपं झालं असतं. तू आळशी नाहीस. राग त्याचाच येतो. एका मुलाला स्वतःच्या हाताने घास घ्यायला शिकवायला तू आठ महिने घालवलेस, मी बघितलंय. चमचा धरणं, बुडवणं, उचलणं, तोंडापर्यंत नेणं. एका कृतीचे बारीक तुकडे पाडून एकेक तुकडा शिकवायचा. तुझ्याइतकं नेटकं काम माझ्या विद्यार्थ्यांत थोड्यांचं. प्रत्येक मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा तू स्वतःच्या हाताने लिहितोस. कोणाला काय आवडतं, कोण कशाला घाबरतं, कोण कोणाच्या हाताला धरून चालतं, सगळं त्यात आहे.

मग त्याच मुलाला रात्री दोन वाजता बाहेर कसं काढायचं, याची एक ओळ त्या आराखड्यात का नाही?

हे तुझ्याऐवजी कोण लिहिणार? अग्निशमन दलाचा अधिकारी? त्याला पाण्याचा दाब कळतो, जिन्याची रुंदी कळते. घंटा वाजली की तुझा एक मुलगा कान झाकून पलंगाखाली शिरतो, हे त्याला कसं कळणार? तो बिचारा वर चढेल, पलंग रिकामे दिसतील, आणि खाली येऊन सांगेल, वर कुणी नाही. हे डोळ्यांसमोर आण जरा.

ज्यांना ऐकू येत नाही अशी सात मुलं आहेत. त्यांच्या खोलीत घंटा बसवलीस. फक्त घंटा! कोणासाठी? भिंतीसाठी? उघडझाप करणारा दिवा लागतो रे तिथे. गाढ झोपेत आणि धुरात दिवाही पुरत नाही, उशीखाली थरथरणारी चकती लागते, नाहीतर हलवून उठवणारा एक ठरलेला माणूस. ठरलेला म्हणजे ज्याचं नाव कागदावर आहे असा. “कोणीतरी उठवेल” म्हणजे कोणीच उठवणार नाही.

दृष्टिहीन मुलांची मला त्या मानाने कमी काळजी आहे. काळोख त्यांचा रोजचाच आहे, जिन्याच्या पायऱ्या त्यांच्या पायांना पाठ असतात. नीट सराव असेल तर धुरात तीच दुसऱ्यांना वाट दाखवतील. पण सराव असेल तर.

आणि जी अंथरुणावरून हलूच शकत नाहीत, ती वरच्या मजल्यावर का? उत्तर मला ठाऊक आहे. खालचा हॉल पाहुण्यांसाठी. देणगीदार येतात, शाल-श्रीफळ होतं, फोटो निघतात. म्हणून सतरंज्या खाली आणि पोरं वर. लिफ्ट आहे म्हणतोस? आगीत लिफ्ट वापरायची नाही, हे लिफ्टच्याच दाराशी लिहिलेलं असतं. मग न चालणारं मूल खाली येणार कसं? चादरीवर घालून ओढत न्यायची पद्धत असते, दोघांनी उचलायची पद्धत असते. तुझ्या माणसांपैकी कितीजणांनी एकदा तरी करून बघितलंय? आणि प्रत्येकाला आधी जिन्याने खालीच आणलं पाहिजे असंही नाही. आधी त्याच मजल्यावर आगीपासून लांबच्या, दार घट्ट लागणाऱ्या भागात न्यायचं, मग तिथून खाली. त्यासाठी मध्ये धूर अडवणारं दार लागतं. तुझ्याकडे ते आहे. त्याला वीट लावून उघडं ठेवलंय, वारा यावा म्हणून!

रॅम्पबद्दल बोलायचं नव्हतं, पण राहवत नाही. जोतं अडीच फूट. उतार एकास बारा, हा पाढा तुम्हा सगळ्यांकडून मी घोकून घेतला होता. म्हणजे रॅम्प तीस फूट हवा, मध्ये थांबायला सपाट टप्पा, दोन्ही बाजूंना कठडा. तू बारा फुटांत उरकलास. एकास पाचही भरत नाही. वर चकचकीत फरशी, कडेला फुलझाडांच्या कुंड्या. ही घसरगुंडी आहे. घाईघाईने व्हीलचेअर खाली नेणारा माणूस आगीतून वाचेल आणि रॅम्पवर कपाळ फोडून घेईल.

तुझ्या सबबी मला पाठ झाल्यात. इमारत जुनी, नियम नंतरचे. अरे, आग दाखला बघून लागते का? दिव्यांग हक्क कायदा 2016 चा आहे. सुगम्यतेचे निकष म्हणजे नुसत्या सूचना, जमलं तर करा, ही पळवाटही सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 ला राजीव रतुरी यांच्या प्रकरणात बंद केली. काही निकष बंधनकारकच हवेत, असं सरकारला बजावलं. तू कुठल्या सालात राहतोस?

पैसे नाहीत. ही सबब मी अर्धी मान्य करते. अनुदानाची रखडपट्टी मी जन्मभर बघितली. फवारे, धूर ओळखणारी यंत्रणा, नवं वायरिंग, याला पैसा लागतो आणि तो मागावा लागतो. माग. वर्धापनदिनाच्या मांडवाला मागतोस तसाच माग. पण मागचा जिना रिकामा करायला किती लागतात? वीट काढायला? न हलणारी मुलं खालच्या हॉलमध्ये आणायला? फाटकावर देणगीदाराच्या नावाची कमान उभारायला पैसे होते. तिच्याखालून बंब आत येईल का, ते मोजायला टेप नव्हता?

“आजवर काही झालं नाही.” हे तू म्हणालास तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. हे वाक्य एखाद्या ठेकेदाराने म्हणावं. तू म्हणावंस?

असो. वही काढ. मोबाइल नको, वही. कुलूप आज रात्रीपासून लागणार नाही, रात्रीच्या राखणीची व्यवस्था तू आणि मावशी मिळून संध्याकाळपर्यंत करा. मागचा जिना उद्या मोकळा. रविवारी पालक येतात, त्यांनाही हाताशी घे. सामान उचलायला नाही म्हणणार नाहीत, त्यांची पोरं आहेत. सिलिंडर भिंतीवर, दिसेल असे, वाटेत. आणि मावशींच्या हातात एकदा दे तो. पिन ओढू दे, दांडा दाबू दे, पावडर उडू दे अंगणात. त्यांच्याशिवाय रात्री तिथे आहे कोण? एजन्सीवाल्याला बोलव, लाल काटा दाखव, आणि त्याच्या सहीचा कागद त्याच्याच हातात ठेव.

मग मुलं. प्रत्येकाच्या आराखड्यात एक पान वाढव. कोण उठवणार, कसं उठवणार, कोणाच्या हाताला धरून, कुठल्या वाटेने, कुठे उभं करायचं, फिटची गोळी कोणाच्या पिशवीत. घंटेचा आवाज आधी मोबाइलवर हळू ऐकव, रोज थोडा मोठा. चित्रांची कार्डं कर. हे सगळं तुला माझ्यापेक्षा चांगलं येतं. सुरुवातीला दिवसा सराव घे, महिनाभर, सांगून-सवरून. एखादं मूल अडून बसलं तर त्याच्या नावापुढे लिही, रागावू नकोस, दुसरी युक्ती शोध.

त्यानंतर एका रात्री मी येईन. तारीख सांगणार नाही. घड्याळ माझं. आणि बाई यायच्यात म्हणून मावशींना आधीच जागं करून ठेवू नकोस. त्यांच्या डोळ्यांवरून कळतं मला.