एकाच चेहऱ्यासाठी घडवलेली वस्तू

६ जानेवारी २०१६ रोजी ऑक्युलस कंपनीने आपल्या ‘रिफ्ट’ या आभासी वास्तवाच्या हेडसेटची किंमत जाहीर केली : ५९९ डॉलर. कित्येक महिने वाट पाहणारे ग्राहक त्या दिवशी अक्षरशः खवळले. किंमत साडेतीनशे डॉलरच्या आसपास, पण त्याहून जास्त राहील, असं कंपनीचा संस्थापक पामर लकी आदल्या सप्टेंबरात बोलून गेला होता. शिवाय हा हेडसेट साध्या संगणकावर चालणार नव्हता. संगणकासह पूर्ण संचाची किंमत १,४९९ डॉलरपासून पुढे होती. लकीने माफी मागितली ती किंमत नीट न सांगितल्याबद्दल. किंमत मात्र तशीच राहिली. वस्तूच्या मानाने ती फारच कमी आहे, असं त्याचं म्हणणं होतं.

ही किंमत भंडारा जिल्ह्यातल्या करडीत मोजून पाहू. मोहाडी तालुक्यातलं हे गाव, धानाचा मुलूख. त्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला १,४१० रुपये होता. तेव्हाच्या दराने ५९९ डॉलर म्हणजे सुमारे ४० हजार रुपये, म्हणजेच २८ क्विंटल धान. पुढच्या वर्षी एचटीसीचा ‘व्हाइव्ह’ हा हेडसेट भारतात ९२,९९० रुपयांना आला. वाढलेल्या हमीभावानेही तो ६३ क्विंटलांच्या घरात गेला. बियाणं, खत, रोवणीची मजुरी वजा करण्याआधीचा हा हिशेब आहे. अमेरिकेतल्या ग्राहकाला जे महाग वाटलं, ते इथे विचारातही घेण्यासारखं नव्हतं.

तरीही ‘महाग आहे, आपल्यासाठी नाही’ एवढ्यावर हा विषय संपवणं मला पटत नाही. खेड्याने महाग वस्तू नेहमीच वापरल्या आहेत, फक्त प्रत्येकाने त्या विकत घेतलेल्या नाहीत. धान कापणीचं हार्वेस्टर किती शेतकऱ्यांच्या मालकीचं असतं? ते तासाच्या भाड्याने बांधीत उतरतं. रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ घरोघरी पोचण्याआधी एका रात्रीच्या भाड्याने गावात यायचे आणि अंगणभर माणसं सिनेमा पाहायची. दिवाळीनंतर झाडीपट्टीत, म्हणजे या पूर्व विदर्भात, गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते. तिथे आकाशपाळणा येतो, दंडार हे लोकनाट्य रंगतं, नाटकाचा मंडप पडतो. नाटकमंडळीचा खर्च एका घराला झेपणारा नसतो. पण तिकीट काढून पहाटेपर्यंत नाटक पाहायला शेकडो माणसं बसतात. शाळांचंही तेच. ठाणे जिल्ह्यातल्या पाष्टेपाड्याच्या शाळेपासून ज्या डिजिटल शाळांचा बोलबाला झाला, त्यांतल्या कितीतरी शाळांमध्ये प्रोजेक्टर आणि संगणक लोकवर्गणीतून आले. किंमत ऐकून गावाने तक्रार केली नाही, पावतीपुस्तक छापलं.

म्हणून २०१६चा तो राग मला अर्धाच रास्त वाटतो. दिलेला अंदाज मोडला, याबद्दलचा राग खरा होता. २०१२ साली ज्यांनी पैसे घालून हा उद्योग उभा केला होता (मागितले होते अडीच लाख डॉलर, जमले २४ लाखांहून जास्त), त्यांच्यापैकी प्रायोगिक संच घेणाऱ्यांना कंपनीने नवा हेडसेट फुकट दिला. बाकीच्यांची मात्र एकच मागणी राहिली : स्वस्त करा. तो राग मला अपुरा वाटतो तो इथे.

आणि तो स्वस्त झाला. २०१४ मध्येच सुमारे दोन अब्ज डॉलरला ऑक्युलस विकत घेणाऱ्या फेसबुकने ऑक्टोबर २०२० मध्ये ‘क्वेस्ट २’ २९९ डॉलरला बाजारात आणला. त्याला वेगळा संगणकही लागत नव्हता. पण तो वापरायला फेसबुकचं खातं सक्तीचं होतं. खरं नाव, ओळखीपाळखी, आवडीनिवडी यांचा माग ठेवण्यावर ज्या कंपनीचा धंदा उभा आहे, तिच्या दारातूनच आत शिरायचं. ही सक्ती उठायला ऑगस्ट २०२२ उजाडावा लागला. किमतीतून कमी झालेले तीनशे डॉलर दुसऱ्या कुठल्या वाटेने वसूल करायचे ठरले होते, हे त्या अटीवरून उघड दिसतं.

याहून महत्त्वाची गोष्ट त्याच कंपनीच्या दुसऱ्या दरपत्रकात होती. हाच ‘क्वेस्ट २’ २५६ जीबी क्षमतेचा घरगुती वापरासाठी ३९९ डॉलरला मिळायचा. संस्थेने, कार्यालयाने फेसबुकच्या खात्याशिवाय वापरायचा तर ७९९ डॉलर, आणि पहिल्या वर्षानंतर दरसाल १८० डॉलर वेगळे. काच तीच, पडदा तोच. फरक एवढाच की, एक माणूस खात्यानिशी वापरणार की अनेक माणसं खात्याविना. वाटून वापरण्यावरच हा कर बसवला होता. करडीसारख्या गावाला परवडण्याची जी एकमेव रीत, तीच सर्वांत महाग करून ठेवली होती.

हे मला ५९९च्या आकड्यापेक्षा कितीतरी गंभीर वाटतं. गूगलने २०१४ मध्ये पुठ्ठ्याची पेटी आणि दोन भिंगं एवढ्यावर साध्या फोनमधून आभासी जग दाखवलं, तेव्हा एक पेटी वर्गभर फिरू शकत होती. चित्र धूसर असेल, डोकं थोडं गरगरत असेल. पण पुढच्या मुलाच्या हाती देण्याआधी कुणाची परवानगी लागत नव्हती. चांगल्या हेडसेटमध्ये चित्र सुधारलं आणि हे स्वातंत्र्य गेलं.

शहरातले ग्राहक आजही नव्या हेडसेटची किंमत पाहून हळहळतात. ॲपलचा ‘व्हिजन प्रो’ २०२४ मध्ये ३,४९९ डॉलरला आला, तेव्हा तेच झालं. त्यांच्या तक्रारीत खेड्याची तक्रार आपोआप सामावते, असं समजू नये. किंमत निम्मी झाली तरी करडीतल्या बहुतेक घरांत हेडसेट येणार नाही. पण शाळेच्या किंवा वाचनालयाच्या नावाने तो घेता आला, खात्याविना उघडता आला, नेटवर्क गेलं तरी चालला, बिघडला तर भंडाऱ्यात किंवा निदान नागपुरात दुरुस्त झाला, मंडईत तिकीट लावून दाखवण्याची मुभा राहिली, तर ४० हजारांची वर्गणी जमवणं गावाला अवघड नाही. शाळांसाठी डिजिटल साहित्याची खरेदी करताना सरकारने कंपन्यांकडून सवलतीच्या आधी या अटी लिहून घ्यायला हव्यात.