न पटलेले मौन

एखादी कलाकृती फसली असे जाणकार म्हणतात आणि खुद्द तिचा कर्ताही ते मान्य करतो, तेव्हा वाद मिटायला हवा. आल्फ्रेड हिचकॉक यांच्या ‘आय कन्फेस’ या १९५३ सालच्या चित्रपटाविषयीचा वाद मात्र आमच्या मनात अजून मिटलेला नाही.

कथा कॅनडातील क्वेबेक शहरात घडते. ऑटो केलर हा चर्चच्या सेवेतील निर्वासित जर्मन माणूस चोरी करताना एका वकिलाचा खून करतो आणि त्याच रात्री फादर मायकल लोगन यांच्यापुढे पापनिवेदन करतो. खुनाच्या वेळी त्याने याजकाचा झगा घातलेला असतो. त्यामुळे संशय फादरांवर येतो. शिवाय फादरांच्या दीक्षेपूर्वीच्या एका प्रेमसंबंधावरून त्या वकिलाने एका विवाहितेला धाक घातलेला असतो. पोलिसांना खुनाचा हेतूही सापडतो. खरा गुन्हेगार ठाऊक असूनही फादर लोगन आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहतात, पण बोलत नाहीत.

समीक्षकांची निराशा झाली. खुनी कोण हे आरंभीच कळते आणि नायक अखेर सुटणार हेही उघड आहे, मग उत्कंठा ती कसली, असा ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या बॉस्ली क्राउदर यांच्या आक्षेपाचा रोख होता. १९६२ साली फ्रान्स्वा त्रुफो यांच्याशी झालेल्या संवादात, जेझुइटांच्या शाळेत शिकलेल्या हिचकॉक यांनीही हा चित्रपट करायलाच नको होता असा कौल दिला. याजक का बोलू शकत नाही हे कॅथोलिकांना कळते; इतरांना मात्र अशा कारणासाठी कोणी जीव धोक्यात घालील हेच पटत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

यातील दोन आक्षेप वेगळे करायला हवेत. पहिला कलेचा आहे आणि तो आम्हांला मान्य आहे. पुराव्याअभावी ज्युरी फादरांना सोडते आणि शेवटी, फादरांनी आपले नाव सांगितले या भ्रमात, केलर स्वतःच सारे बोलून जातो. मौनाची पूर्ण किंमत मोजण्याची वेळ कथेने फादरांवर येऊच दिली नाही. याजकाला फाशीपर्यंत नेण्याचा मूळ विचार होता. निर्मात्या संस्थेला तो रुचला नाही.

दुसरा आक्षेप असा की, कोणी असे वागणारच नाही. त्याला इतिहासाने उत्तर दिले आहे. पापनिवेदन उघड करणाऱ्या याजकाला पदच्युत करून आजन्म प्रायश्चित्तासाठी मठात धाडावे, असे चौथ्या लॅटरन महासभेने १२१५ सालीच ठरवले. मेक्सिकोत १९२७ साली फादर मातेओ कोरिया यांनी कैद्यांची पापनिवेदने सांगण्यास नकार दिला आणि त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. २००० साली ख्रिस्तसभेने त्यांना संत घोषित केले.

परंतु वाचकहो, एखादी गोष्ट घडली म्हणजे ती योग्यच ठरली असे नव्हे. हा आक्षेप आज अधिक गंभीर रूपात आपल्यापुढे आला आहे. बालकांच्या लैंगिक शोषणाची चौकशी करणाऱ्या ऑस्ट्रेलियातील शाही आयोगाने २०१७ साली अशी शिफारस केली की, पापनिवेदनात कळलेले शोषणही याजकाने कळवलेच पाहिजे. व्हिक्टोरिया राज्याने २०१९ साली तसा कायदा केला. फादर लोगन यांनी मुख्यतः स्वतःचा प्राण पणाला लावला होता. पणाला दुसऱ्याचे लेकरू लागते तेव्हा काय? येथे ‘परक्यांना आपला विश्वास कळत नाही’ असे म्हणून हात झटकणे आम्हांला अप्रामाणिकपणाचे वाटते.

तरीही आम्ही गुप्ततेच्या बाजूचे आहोत. आपले पाप उद्या चव्हाट्यावर येईल या भयाने गुन्हेगार तेथे फिरकणारच नाही आणि ‘जा, स्वतःला कायद्याच्या स्वाधीन कर’ असे सांगू शकणारा एकमेव आवाजही त्याच्या कानी पडणार नाही. मात्र ही गुप्तता पापनिवेदनात ऐकलेल्या शब्दांची आहे. तक्रारीतून, पत्रातून वा डोळ्यांनी जे कळले, त्याला तिचे कवच नाही. अनेक ठिकाणी अधिकाऱ्यांनी दडपले ते अशा मार्गांनी कळलेलेच होते. बोलायला मोकळे असलेल्यांनी पाळलेले ते मौन फादर लोगन यांच्या मौनाचे सोंग होते. त्या सोंगामुळेच आज खऱ्या मौनावरचा जगाचा विश्वास उडाला आहे.

म्हणून त्या समीक्षकांवर आम्ही रागावत नाही. त्यांना पटले नाही, याचा काही दोष चित्रपटाचा आहे आणि काही आपलाही. धर्मग्रामातील कोणाच्या घरची व्यथा कानी पडली की ती संध्याकाळपर्यंत चार घरी पोहोचवणारे आपण, आणि एखाद्या बालकाने काही सांगू पाहिले की ‘गप्प बस’ म्हणणारेही आपणच. कोठे जीभ आवरावी आणि कोठे उघडावी, हे प्रथम आपल्या घरात शिकल्यावाचून फादर लोगन यांचे मौन आपण इतरांना कोणत्या तोंडाने पटवून देणार?