कोळंबीचे आरोग्य कोणासाठी?

कोळंबीच्या शरीरात प्रतिपिंडे तयार होत नाहीत. त्यामुळे माणसाच्या किंवा माशाच्या लसीकरणाची रीत तिला लागू पडत नाही. तिची मदार रक्तपेशींवर आणि जंतूभोवती काळे मेलॅनिन साठवणाऱ्या विकरांवर असते. यीस्टच्या पेशीभित्तिकेतले बीटा-ग्लुकान खाद्यात मिसळले की हीच यंत्रणा जागी होते, कारण बुरशीच्या भित्तिकेतही तोच पदार्थ असतो. शत्रू आलेला नसतानाच शरीर लढाईला उभे राहते. मात्रा सतत चालू ठेवली तर प्रतिसाद मंदावू शकतो, म्हणून मध्ये खंड देतात. क जीवनसत्त्व ताण सोसायला मदत करते. बॅसिलस जिवाणू व्हिब्रिओ या रोगकारक जिवाणूंना आळा घालतात. पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूवर मात्र यातले काहीच हमखास औषध नाही.

२००९ नंतर भारतात व्हनामी कोळंबीचे संवर्धन झपाट्याने वाढले, सर्वाधिक आंध्र प्रदेशात. दाट साठवणीच्या तळ्यात रोग पसरायला वेळ लागत नाही आणि अनेक प्रतिजैविकांवर बंदी आहे. खाद्यातल्या अशा पूरकांची मागणी यातूनच आली. मग तगडी झालेली प्रतिकारशक्ती हे कोळंबीचे हित मानायचे, की मालकाच्या भांडवलाचे संरक्षण?

जैन विचारात हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार सांगितले आहेत. गृहस्थाला उपजीविकेतली अटळ हिंसा काही प्रमाणात क्षम्य आहे. पण मारण्यासाठीच जीव वाढवणे त्या सवलतीत बसवणे अवघड. तेथे हेतू पाहिला जातो, त्यामुळे खाद्यात जीवनसत्त्व घातल्याने दोष फिटत नाही. परिणामवादी मात्र वेगळे मोजमाप लावील: रोगाने तडफडणे कमी झाले, तर तेवढे दुःख घटले. हा युक्तिवाद दुबळा नाही. पण मरतूक घटल्याचा फायदा घेऊन तळ्यात आणखी दाट बीज सोडले, तर हिशेब उलटू शकतो.

हे सारे कोळंबीला वेदना होते या गृहीतावर उभे आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील तत्त्वज्ञ जॉनथन बर्च यांच्या गटाने २०२१ मध्ये उपलब्ध पुरावा तपासला. त्यानंतर ब्रिटनने २०२२ च्या प्राणीसंवेदना कायद्यात खेकडे, शेवंडे आणि कोळंबी यांचा समावेश केला. कोळंबीबाबतचा पुरावा खेकड्याइतका भक्कम नव्हता, तरी शंकेचा फायदा प्राण्याला दिला गेला. हा निकष मान्य केला तर तळ्याआधी बीजोत्पादन केंद्राकडे पाहावे लागते. तेथे प्रजननाच्या माद्यांना सर्वांत सकस आहार मिळतो आणि अंडी लवकर पिकावीत म्हणून त्यांच्याच एका डोळ्याचा देठ कापण्याची किंवा चिरडण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे.