उज्जीया राजाचा क्रोध

(वाचावे: 2 इतिहास, अध्याय 26, प्रेषितांची कृत्ये, अध्याय 18, वचने 24 ते 28)

गर्व म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे बहुधा सावकार किंवा मोठ्या वाड्यातला धनी उभा राहतो. आपण गरीब, आपली मंडळी लहान. तेव्हा ह्या पापाशी आपला काय संबंध, असे आपणास वाटते. परंतु गर्व धन पाहून येत नाही. जेथे थोडेसे यश दिसते तेथे तो बिऱ्हाड करतो. ह्यास्तव आज आपण उज्जीया राजाच्या वृत्तांताकडे लक्ष देऊ.

उज्जीया 16 वर्षांचा असता यहूदाच्या गादीवर बसला व त्याने 52 वर्षे राज्य केले. तो दुष्ट राजा नव्हता. जखऱ्याच्या दिवसांत तो देवाच्या भजनी लागला होता, आणि जोवर तो देवास शरण होता तोवर देवाने त्यास यश दिले. त्याने यरुशलेमेत बुरूज बांधले, रानात पाण्याची टाकी खोदली, पुष्कळ गुरेढोरे बाळगली. त्यास शेतीची आवड होती, असेही शास्त्र सांगते. असा राजा आपल्या कोणत्याही गावास हवासा वाटला असता!

पण तो समर्थ झाला आणि त्याचे मन चढून गेले. मग तो कोठे गेला? मद्याच्या गुत्त्यात नव्हे, तर परमेश्वराच्या मंदिरात, धूप जाळावयास! ते काम अहरोनवंशी याजकांचे होते. तेव्हा गर्व हा हाती धुपाटणे घेऊन मंदिरातही शिरतो, हे आपण विसरू नये.

अजऱ्या याजक व त्याच्याबरोबर 80 धैर्यवान याजक आत गेले आणि त्यांनी राजास अडविले. ह्या क्षणी उज्जीयास धुपाटणे खाली ठेवून मागे फिरता येत होते. पण तो संतापला. आणि तो याजकांवर संतापलेला असतानाच त्याच्या कपाळावर कोड उठले. मरेपर्यंत तो निराळ्या घरात राहिला, मंदिरास अंतरला, आणि कारभार त्याचा पुत्र योथाम पाहू लागला. कोड केव्हा उठले हे पाहा. तो मंदिराच्या दारात पाऊल ठेवीत असता नव्हे, तर बोध ऐकून रागावला असता.

आता ह्याच्या उलट उदाहरण घ्या. अपुल्लोस हा आलेक्सांद्रियाचा, मोठा वक्ता, शास्त्रात प्रवीण. तो इफिसास सभास्थानात आवेशाने बोलला, परंतु त्यास केवळ योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता. अक्विल्ला व प्रिस्किल्ला हे राहुट्या करणारे दांपत्य. त्यांनी त्याची फजिती केली नाही. त्यास आपल्याकडे नेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला. अपुल्लोस रागावला असे आपण वाचत नाही. पुढे अखया प्रांतात विश्वासणाऱ्यांस त्याचे फार साहाय्य झाले, असे मात्र वाचतो.

तर आपल्या गर्वाची परीक्षा सोपी आहे. आपली प्रार्थना लांब आहे की आखूड, आपण मागे बसतो की पुढे, ह्यावरून तो सहसा कळत नाही. कारण मागे बसण्याचाही गर्व होतो. पण उपदेशक बंधूंनो, काल बाप्तिस्मा घेतलेल्या एखाद्या शेतमजुराने उपासनेनंतर म्हटले, "मास्तर, ते वचन तसे नाही," तर आपल्या मनात प्रथम काय उठते? पंचहो, वर्गणीचा हिशेब एखाद्या विधवेने विचारला, तर आपण वही उघडतो की भुवया चढवितो? त्या घटकेस आपण उज्जीयाच्या वाटेवर असतो, नाहीतर अपुल्लोसाच्या.

ह्यासाठी तीन गोष्टी कराव्या. कोणी चूक दाखविली असता उत्तर देण्यापूर्वी मनात प्रार्थना करावी. बोलणाराचे वय, शिक्षण किंवा कूळ न पाहता त्याच्या बोलण्यात सत्य किती ते पाहावे. आणि दुसऱ्याची चूक दाखविणे आपल्यावर आले, तर अक्विल्ला व प्रिस्किल्ला ह्यांच्यासारखे त्यास जवळ घेऊन दाखवावी, चव्हाट्यावर नव्हे.

ज्या प्रभूच्या ठायी काहीच दोष नव्हता, त्याने कमरेस रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. मग ज्यांच्या पायांस रोज धूळ लागते, अशा आपण ते धुवावयास पुढे करण्याची लाज का धरावी? प्रभू आपणा सर्वांस बोध ऐकणारे मन देवो. आमेन.