पिवळा शंख

तिरुच्चीहून परतताना वल्लम मागे पडले आणि गाडीच्या फलकावर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला. काही दिवसांपासून पेट्रोलचा उग्र वास येतच होता. दुसऱ्या दिवशी तंजावरातील ज्या वृद्ध मिस्त्र्याकडे मी वर्षानुवर्षे जातो, त्याने स्कॅनर लावला आणि पी०१३१ हा संकेतांक उमटला: पुढच्या ऑक्सिजन सेन्सरचा विद्युद्दाब कमी. ‘मग सेन्सर बदलून टाका,’ असे मी म्हणताच त्याने मान हलवली. ‘सार, तो कमी सांगतो एवढेच कळले. खोटे सांगतो, हे अजून ठरायचे आहे.’

मीमांसक आणि नैयायिक यांनी शतकानुशतके चालविलेला वाद एका वाक्यात माझ्यापुढे उभा राहिला. मीमांसकांच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असते; पुढील अनुभवाने ते बाधित झाले, अथवा ज्या साधनाने ते झाले त्यातच दोष आढळला, तरच ते टाकावयाचे. नैयायिकांना हा विश्वास मान्य नाही. पाणी दिसले म्हणून ते पाणी नव्हे, तहान भागली म्हणजे पाणी. काविळीने ग्रासलेल्यास पांढरा शंख पिवळा दिसतो, हे या वादातले नेहमीचे उदाहरण. डोळ्यांच्या दोषाचा विषय निघाला की मला आमच्या तंजावरच्या सरफोजीराजांच्या (१७९८–१८३२) काळातील नेत्ररुग्णांच्या सचित्र नोंदी आठवतात; त्या येथील सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेल्या आहेत. त्या चित्रांतील डोळे पाहताना मला नेहमी वाटते की, ज्याच्या साक्षीवर आपण सारे जग मानतो, त्या साक्षीदाराचीच येथे तपासणी झाली आहे.

शंख मात्र पिवळा दिसला तरी पांढराच राहतो. इंजिनाचे तसे नाही. जळून बाहेर पडणाऱ्या वायूत प्राणवायू उरला नसेल तर सेन्सर सुमारे ०.९ व्होल्ट दाखवतो, पुष्कळ उरला असेल तर ०.१, आणि या जबानीवर विसंबून गाडीतला संगणक एका भाग पेट्रोलास वजनाने १४.७ भाग हवा हे प्रमाण राखतो. साक्षीदार सतत ‘पेट्रोल अपुरे’ म्हणू लागला, की संगणक ते वाढवीत जातो, आणि ज्या इंजिनास काहीही उणे नव्हते ते खरोखरच अतिरेकाने काजळू लागते. भ्रमाचा अंमल सुरू झाला की तो वस्तूलाही बिघडवतो, ही गोष्ट मला फार भयंकर वाटते.

मिस्त्र्याने प्रथम सेन्सरच्या अलीकडचे सांधे पाहिले, कारण तेथून बाहेरची हवा आत शिरली तर निर्दोष सेन्सरही चुकीचीच साक्ष देतो. मग तारा पाहिल्या. सर्व ठीक निघाल्यावर त्याने तापलेल्या इंजिनाच्या हवेच्या वाटेत कार्ब्युरेटर साफ करण्याचा फवारा किंचित सोडला. आता इंधन वाढले, हे आम्हा दोघांना निश्चित ठाऊक होते. शाबूत सेन्सरचा आकडा तत्काळ वर गेला असता. तो ०.१ वरून हलला नाही.

‘आता बदलू,’ तो म्हणाला.

रोजच्या व्यवहारात मी मीमांसकांच्याच बाजूचा आहे, कारण प्रत्येक ज्ञानाची रुजुवात घेत बसणाऱ्यास घराबाहेर पाऊल टाकता येणार नाही. पण संशय आला म्हणजे साक्षीदारापुढे असे काही ठेवावे लागते, ज्याचे सत्य आपणांस आधीच ठाऊक आहे. आपण ज्याला अंतःकरण म्हणतो तेही नावाप्रमाणे एक करणच, एक साधनच. त्याचा कौल मात्र आपण ईश्वराचा हुकूम समजून शिरसावंद्य मानतो. गेली अकरा वर्षे धाकट्या भावाच्या प्रत्येक पत्रात मला कोरडेपणा आढळत आला आहे, आणि त्या कोरडेपणास मी तशीच उत्तरे धाडीत आलो आहे.

त्या रात्री मी ट्रंकेच्या तळाची त्याची जुनी पत्रे काढली, वितुष्टाच्या आधीची, जी आली तेव्हा मी आईला मोठ्याने वाचून दाखवीत असे आणि ज्यांतील मायेविषयी मला तिळमात्र शंका नाही. दिव्याखाली बसून एकेक वाचले. तीही मला कोरडीच वाटली.