हाक दोन्हीकडून हवी

गेल्या दिवाळीत आमचा एक माजी विद्यार्थी घरी आला. तो बंगळूरला संगणकाच्या क्षेत्रात आहे. फराळ झाल्यावर त्याने लॅपटॉप उघडून माझ्यापुढे एक कादंबरी ठेवली. "सर, आपल्या निपाणीकडच्या लेखकाची आहे. तुमच्यासाठी मुद्दाम उतरवून घेतली." कुणीतरी पान न् पान स्कॅन केले होते. मी दोन रात्रींत ती वाचून काढली.

ही आली कुठून, असे विचारल्यावर तो म्हणाला, "एका ठिकाणाहून नाही सर, अनेकांकडून." ब्रॅम कोहेन या अमेरिकन तरुणाने २००१ मध्ये बिटटोरंट नावाची पद्धत काढली. तीत फाईलचे लहान लहान तुकडे होतात. ज्याला एक तुकडा मिळाला, तो घेता घेताच दुसऱ्यांना देऊ लागतो. फाईल ठेवणारे मोठे कोठार मध्ये लागत नाही. सगळे मिळाल्यावरही जो देत राहतो त्याला 'सीड' म्हणतात, म्हणजे बी. नुसते घेऊन पसार होणाऱ्याला 'लीच', म्हणजे जळू! शेतकऱ्याला हे नवे नाही. आपल्याकडचा पैरा तो हाच. आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या. हा संगणकही देणाऱ्यालाच आधी देतो. मात्र दर तीस सेकंदांनी हातात काही नसलेल्या एखाद्या नवख्यालाही संधी देऊन पाहतो. परत न देता जो एकटाच भोगतो तो चोर, असे गीतेच्या तिसऱ्या अध्यायात सांगितले आहे. यंत्राने तोच न्याय उचललेला पाहून मी सुखावलो.

हे सुख फार दिवस टिकले नाही. महिन्याभराने एस.टी. स्टँडवर ते लेखकच भेटले. निवृत्त शिक्षक, फंडाच्या पैशातून पाचशे प्रती छापलेल्या, त्यांतल्या निम्म्या अजून कॉटखाली. "हेडमास्तर, आमची कादंबरी पाहिलीत का?" मी 'पाहिली' म्हणालो आणि गाडी लागल्याचे निमित्त करून निघालो. वर्गात कॉपी करणाऱ्या मुलाला मी तीस वर्षे उभे करीत आलो. त्या दिवशी मीच उभा होतो.

मनाने लगेच वकिली सुरू केली. सीमाभागात मराठी पुस्तक मिळते कुठे? बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचे. पण खेड्यातल्या मुलाने तिथवर जायचे कसे? ज्ञान दिल्याने वाढते, मग चोरी कसली? यात तथ्य नाही असे नाही. कायदाही पुस्तकाला कायमचे कुलूप घालीत नाही. लेखकाच्या मृत्यूनंतरची साठ वर्षे संपली की ते सर्वांचे होते. साने गुरुजी १९५० मध्ये गेले; त्यांचे लेखन २०११ पासून कुणीही छापावे, वाटावे. बेळगावच्या इंदिरा संत २००० मध्ये गेल्या. त्यांच्या कवितेवर २०६० अखेरपर्यंत वारसांचा हक्क आहे. प्रश्न उरतो तो एवढाच, की जे माझे नाही ते वाटण्यात औदार्य कुणाचे?

उत्तर मला त्या विद्यार्थ्याच्याच एका बोलण्यात सापडले. इंटरनेटचे जुने पत्ते सुमारे ४३० कोटी, जगाची वस्ती ८०० कोटींवर. म्हणून पुष्कळ यंत्रे एकाच पत्त्याआड, भिंतीमागे असतात. आतून गेलेल्या हाकेचे उत्तर भिंत आत येऊ देते. अनोळखी हाक परतवते. मग भिंतीआडच्या दोघांनी भेटायचे कसे? बाहेरचे तिसरे यंत्र दोघांना एकमेकांचा पत्ता सांगते आणि दोघेही एकाच वेळी हाक मारतात. पहिली हाक बहुधा समोरच्या भिंतीवर आपटून वाया जाते. पण जाताना ती आपल्याच भिंतीत झरोका पाडून जाते, आणि त्यातून समोरच्याची हाक आत येते. कधी हेही साधत नाही; मग मध्यस्थालाच सगळे वाहून न्यावे लागते.

त्या कादंबरीत हाक एकाच बाजूची होती. वाचणाऱ्यांनी घेतली, वाटणाऱ्यांनी वाटली. लिहिणाऱ्याला कुणी हाकच मारली नाही. मी त्यांच्या घरी गेलो, सगळे सांगितले आणि शाळेसाठी दहा प्रती विकत घेतल्या. ते रागावले नाहीत. म्हणाले, "मला विचारलं असतं तर मीच दिली असती हो. माझं पुस्तक कुठं कुठं गेलं, एवढं तरी कळलं असतं." त्या वाक्याने मला अधिक लाजवले. पैसे मी भरले; विचारायचे राहिले ते राहिलेच.

आपल्या भागात भिंती थोड्या नाहीत. १९५६ पासूनचा वाद २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. पण शेजारच्या कन्नड शाळेने आधी बोलावे म्हणून आम्ही थांबतो, आम्ही बोलावे म्हणून ते थांबतात. पहिली हाक वाया जाईल ही भीती दोघांनाही. ती वाया गेली तरी निदान आपल्या भिंतीला झरोका पडतो, हे मला त्या यंत्राने शिकवले. या दिवाळीत फराळाचे ताट घेऊन मी त्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडे जाणार आहे. जाताना ती कादंबरीही नेणार आहे. या वेळी लेखकाला विचारून.