शेकरू आणि बिबट्या

बेल्ह्याचा माणूस भीमाशंकरला गेला, की दर्शन उरकून मान वर करतो अन् झाडं धुंडाळतो. शेकरू दिसलं पाहिजे! तांबूस अंग, झुपकेदार शेपूट, त्यात राज्यप्राणी. ते जंगल १९८५ साली अभयारण्य झालं. शेकरू दिसलं तर पोराला खांद्यावर घेऊन दाखवायचं, नाही दिसलं तर परतीच्या एस्टीत हळहळायचं. त्या प्रेमाला खर्च काय? तिकिटाएवढा.

घरचं जनावर वेगळं. कालव्यानं कुकडीचं पाणी आलं, बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला आणि उसात बिबट्याची मादी व्याली. आपण म्हणतो, जंगलातलं जनावर गावात शिरलं. पण उसात जन्मलेल्या पिल्लानं डोंगर पाहिलेलाच नाही. त्याचं गाव हेच. मग उपरा कोण?

हे बोलायला सोपं. जुन्नर तालुक्यात लेकरं गेलीत. रात्रीची लाईट आली की बॅटरी घेऊन पाणी धरायला जाणाऱ्याला सहजीवन शिकवायची माझी तरी छाती नाही. पिंजरा मागणाऱ्याला निर्दयी म्हणणारा बहुधा शहरात झोपलेला असतो.

तरी एक ऐकलेलं मनातनं जात नाही. मादी पिंजऱ्यात सापडली, माणिकडोहच्या केंद्रात नेली. सोमवारच्या बाजारात एक म्हातारबाबा ज्याला त्याला विचारत होते, "तिला नेली ते बरं झालं, पण पिल्लं कुठंयत रं?"

बाबांची दोन करडं त्याच मादीनं नेली होती.